परवाना मिळाला म्हणून घाट जमत नाही

अल्पवयीन मुलाला गाडी देणाऱ्या पालकांवर कारवाई हवी, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही आली आहे: पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही.

पण आम्हा सातारकरांना नुकताच परवाना मिळालेल्या पोरांचीही तेवढीच काळजी वाटते. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. तेवढ्यात यवतेश्वरचा घाट कुठे शिकून होतो? पावसाळ्यात कासला निघालेल्या गाड्या बघा. चालवणारा अठरा-एकोणीसचा, सोबत चार मित्र, गाणी मोठ्याने. नवख्या चालकाबरोबर समवयस्क जितके जास्त, तितका अपघाताचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धुक्यात समोर म्हैस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर त्यापुढचं, आणि वेग दुप्पट झाला की तेही साधारण चौपट.

पालकांनो, पहिलं वर्षभर तरी घाटात आणि रात्री पोराच्या शेजारी स्वतः बसा. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लावायला लावा, कायद्याने तो सक्तीचाच आहे. आणि लग्नकार्यात "आमचा दादा एकटा पुण्याहून गाडी घेऊन आला" हे कौतुक चारचौघांत, त्याच्या देखत, कृपा करून थांबवा.