तीन चांदण्या आणि एरर २

सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या 'रीडमी' नावाच्या फाइली लिहिणारी माणसं स्वभावाने फार आनंदी असावीत. माझ्या लॅपटॉपमधल्या मॉडेमच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून माहिती धाडणाऱ्या यंत्राच्या, ड्रायव्हरबरोबर (ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामबरोबर) जी रीडमी होती, तिने सगळं काम तीन ओळींत उरकलं होतं. आधी 'मेक', मग 'मेक इन्स्टॉल', मग 'मॉडप्रोब' आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. चौथ्या ओळीत नुसतं 'एन्जॉय' लिहून उद्गारचिन्ह दिलं होतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर मॉडेम चालवायला बसलेल्या माणसाला उद्देशून हा शब्द वापरायला फार मोठं मन लागतं. किंवा मॉडेम नसावा लागतो.

आजच्या काळात मॉडेम कशाला, असं तुम्ही विचारणार. घरातही सगळ्यांनी विचारून झालं. लेकीला तर मॉडेम म्हणजे वायफायचा डबा एवढंच ठाऊक. पण एका कार्यालयाला माझ्या सहीचा कागद फॅक्सनेच हवा होता. ईमेल चालणार नव्हती, फोटो चालणार नव्हता. घरात जुना लॅपटॉप होता, त्याच्या कुशीत टेलिफोनची वायर खुपसायची खोबण होती, भिंतीत जिवंत लँडलाइन होती. घोडं अडलं ते फक्त ड्रायव्हरपाशी. मी मित्राला फोन केला.

"अरे, सोर्स आहे ना?" तो म्हणाला. "मग कसली काळजी! एक मेक मारायचा."

सोर्स म्हणजे प्रोग्रामचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, आणि मेक म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम बनवायची, म्हणजे तो कंपाइल करायची, आज्ञा. हा सल्ला त्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत रेलून दिला, याची नोंद असावी.

आता या मॉडेमची जात सांगायला हवी, नाहीतर पुढचं दुखणं कळायचं नाही. पूर्वीचा मॉडेम स्वयंभू असे. त्याच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर असायचा. संगणकाने 'एटी' अशी दोन अक्षरं पाठवून त्याचं लक्ष वेधायचं, पुढे हुकूम सोडायचा, बाकीचं तो बघून घ्यायचा. ही पद्धत हेजच्या १९८१ सालच्या स्मार्टमॉडेमपासून रूढ झाली आणि आजतागायत टिकून आहे. पुढे १९९०च्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं, की संगणकात एवढा मोठा प्रोसेसर बसलेला असताना मॉडेमला वेगळा कशाला पोसायचा? झालं. मॉडेमचा मेंदू काढून घेतला, खोबण आणि जुजबी चिपा तेवढ्या ठेवल्या आणि विचार करायचं सगळं काम ड्रायव्हरवर ढकललं. १९९८ सालच्या व्ही.९० प्रमाणाप्रमाणे उतरताना सेकंदाला ५६ किलोबिट आणि चढताना ३३.६ किलोबिट धावायचे, तर त्यामागचं गणित आता लॅपटॉपने करायचं. ड्रायव्हर अर्थातच विंडोजपुरता लिहिलेला, म्हणून या जातीला विनमोडेम म्हणू लागले. ज्यांना कुणी तरी लिनक्सवर चालायला शिकवलं ते झाले लिनमोडेम. म्हणजे ड्रायव्हर नसेल तर यातला मॉडेम नुसता बिघडलेला नसतो. तो नसतोच. नुसतं भोक असतं.

मी मेक मारला. पडद्यावर एक ओळ आली: अमुक फोल्डर नाही, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. पुढे 'स्टॉप' आणि पूर्णविराम. पहिल्याच बॉलवर दांडी.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि ड्रायव्हर हा त्याला जोडायचा तुकडा, म्हणजे मॉड्यूल. ते कंपाइल करायचं तर चालू कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे त्याच्या आत काय काय आहे ते जाहीर करणाऱ्या याद्या, लागतात. चालू म्हणजे अगदी हाच, शेवटच्या आकड्यापर्यंत हाच. 'यूनेम' विचारलं की चालू कर्नलचा आकडा कळतो. सॉफ्टवेअर उतरवून देणाऱ्या पॅकेज मॅनेजरने मात्र उदार मनाने त्याच्या पुढच्या आवृत्तीची हेडरं आणून दिली, कारण त्याच्या लेखी मी केव्हाच नव्या कर्नलवर जायला हवा होतो. गेलो. मशीन पुन्हा सुरू केलं, आकडे जुळले. माझं एवढ्यावर निभावलं, कारण घरात वायफाय आहे. डायलअपच्या जमान्यात ज्यांनी हे केलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. हेडर उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेटला मॉडेम हवा, मॉडेमला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरला हेडर. ती मंडळी दुसऱ्याच्या मशीनवरून फ्लॉपीत, सीडीत पॅकेजं भरून आणत. घरी आल्यावर त्या पॅकेजला आणखी एक पॅकेज लागतं असं कळे, आणि पुन्हा चपला घालत.

दुसऱ्या मेकला जरा मजा आली. ड्रायव्हरच्या मेकफाइलीत, म्हणजे मेकने काय करायचं ते लिहिलेल्या फाइलीत, मॉड्यूल कुठे आहे हे सांगायला 'सबडिर्स' नावाचं जुनं चल वापरलं होतं. कर्नलने त्याचा आधार कधीच काढून घेतलाय. आता नुसतं 'एम' लिहावं लागतं. पण 'मला हे कळत नाही' असं कर्नलची मेकफाइल सांगत नाही. ती सबडिर्सकडे सरळ काणाडोळा करते आणि माझं चिमूटभर मॉड्यूल बाजूला ठेवून अख्खं कर्नल बांधायला निघते. सिस्टिम कॉलच्या कुठल्याशा तक्त्यापाशी अडकते आणि म्हणते, हे बनवायचा नियम मला माहीत नाही. मी मॉडेमबद्दल विचारलं होतं, बाई!

हे दुरुस्त केलं आणि मग खरी आतषबाजी सुरू झाली.

कंपायलरच्या एररचा एक स्वभाव असतो. एक हेडर सापडलं नाही की त्यात जाहीर होणारे सगळे प्रकार अनोळखी ठरतात, ते वापरणारी प्रत्येक ओळ बोंब मारते, त्या बोंबेपायी पुढच्या ओळी बिघडतात. पडदाभर मजकूर धो धो वाहतो आणि सगळ्यात खाली येतात मेकच्या तीन चांदण्या, कंसात फाइलीचं नाव आणि 'एरर १'. त्याच्याखाली पुन्हा तीन चांदण्या आणि 'एरर २'. नवखा माणूस या एरर २ चा अर्थ शोधत बसतो. त्यात काही नाही. एरर १ म्हणजे कंपायलर रुसला. एरर २ म्हणजे तो रुसल्याचं आतल्या मेकने बाहेरच्या मेकला कळवलं. वरिष्ठांना पाठवलेली निव्वळ प्रत. खरी चूक केव्हाच वर सरकून नजरेआड झालेली असते. म्हणून सगळा आउटपुट फाइलीत वळवायचा, फाइल उघडायची, अगदी वरची एरर तेवढी वाचायची आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. ती दुरुस्त केली की पुन्हा मेक. माझ्या आयुष्यातले इतर प्रश्न इतक्या सरळ क्रमाने आले असते तर मी कुठल्या कुठे असतो.

पहिली एरर: 'कॉन्फिग डॉट एच' नावाचं हेडर सापडत नाही. ते २.६.१९ या कर्नलपासून, म्हणजे २००६ पासून नाहीच आहे. त्यातली माहिती आता आपोआप मिळते. उपाय: ती ओळ खोडा. एक ओळ खोडली आणि पडद्यावरचा निम्मा गदारोळ शांत झाला. त्या क्षणी मला कर्नल डेव्हलपर झाल्यासारखं वाटलं. लेकीला बोलावून दाखवलंही. तिने विचारलं, "फॅक्स गेला?"

मग 'आयओसीटीएल' नावाचं फंक्शन, ते २.६.३६ ला गेलं, त्याच्या जागी 'अनलॉक्ड आयओसीटीएल' आलं. मग प्रॉक फाइलसिस्टिममध्ये नोंद करण्याची जुनी रीत, ती ३.१० ला, २०१३ साली बंद. मग टायमर. टायमरचं प्रकरण सगळ्यांत किचकट निघालं. पूर्वी टायमर वाजला की तुमच्या फंक्शनला एक साधा आकडा मिळायचा, आणि त्या आकड्यात लोक आपापल्या माहितीचा पत्ता दडवून ठेवायचे. ४.१५ मध्ये, २०१८ च्या जानेवारीत, ही सोय संपली. आता टायमरचाच पत्ता मिळतो आणि त्यावरून तो ज्या घरात राहतो ते घर आपण हुडकून काढायचं. हुडकायला एक मॅक्रो आहे. तो पहिल्यांदा वाचल्यावर मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो.

थोडक्यात, ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ज्या दिवशी हात झटकले त्या दिवसापासून कर्नलमध्ये जे जे बदललं, त्याचा सगळा इतिहास मला एररच्या रूपाने क्रमवार वाचायला मिळाला. हे असं का, याचं उत्तर कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. कर्नलच्या डेव्हलपरांपैकी एक, ग्रेग क्रोह-हार्टमन, यांचं एक टिपण आहे, आणि त्याच्या फाइलीच्या नावातच 'नॉन्सेन्स' हा शब्द आहे. सारांश असा: कर्नलच्या आतले जोड (ड्रायव्हर ज्यांना धरून चालतो ती फंक्शनं) कायम राहतील अशी हमी आम्ही देत नाही, देणार नाही, आणि तुम्हाला ती हवी असं वाटत असलं तरी खरं तर नकोय. तुमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आणा, मग जो जोड बदलेल तोच तुमचा ड्रायव्हरही सुधारेल. युक्तिवाद बिनतोड आहे. कर्नलवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामच्या बाबतीत मात्र हीच मंडळी कमालीची सोवळी: तिथे जुना प्रोग्राम मोडला की लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स कडाडतात. बाहेरच्यांना अभय आणि आतल्यांना रोज नवा नियम. ड्रायव्हर बिचारा आतलाही नाही आणि बाहेरचाही नाही. त्याच्याबद्दल कडाडायला कुणी नाही.

मॉड्यूल तयार झालं. वॉर्निंगा होत्या, पण वॉर्निंगला मोजतो कोण. उरला होता डीमन, म्हणजे मॉडेमचं गणित करणारा प्रोग्राम. तिथे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरने सांगितलं, की आत येणारी फाइल आय३८६ची, म्हणजे ३२ बिटांची, आहे आणि बाहेर जाणारी ६४ बिटांची, जमणार नाही. उघडून बघावं तर त्या फाइलीला सोर्सच नाही. आधीच कंपाइल करून ठेवलेला एक ठोकळा. सगळा ड्रायव्हर उघडा आणि गणित तेवढं कुलपात! 'सोर्स आहे ना' म्हणणाऱ्या मित्राची मला तीव्र आठवण झाली.

या ठोकळ्यांची एक कथा लिनक्सवाल्यांत प्रसिद्ध आहे. मॉड्यूलने आपला परवाना कर्नलला सांगायचा असतो. जीपीएल, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना, असेल तर ठीक. नसेल तर कर्नल स्वतःवर 'टेंटेड', म्हणजे बाटल्याचा शिक्का मारून घेतं, आणि बाटलेल्या कर्नलची तक्रार डेव्हलपर सहसा ऐकत नाहीत. मॉडेमचे ड्रायव्हर पुरवणाऱ्या एका कंपनीने परवान्याच्या जागी 'जीपीएल' लिहिलं, पुढे एक शून्य बाइट टाकला आणि त्यापुढे लिहिलं, की हे फक्त 'जीपीएल' नावाच्या फोल्डरपुरतं, बाकीच्यांना वेगळा परवाना. सी भाषेत शून्य बाइट आला की वाक्य संपतं. कर्नलने 'जीपीएल' एवढंच वाचलं आणि समाधानाने मान डोलावली. २००४ साली हे उघडकीस आलं तेव्हा मोठा गहजब झाला. कंपनीचं म्हणणं, प्रत्येक मॉड्यूलमागे येणाऱ्या इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळतात. नैतिक बाजू काहीही असो, एका अदृश्य शून्याने एवढं काम करून घेणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

माझा ठोकळा ३२ बिटांचा, तर डीमनही ३२ बिटांचा बनवायचा. त्यासाठी ३२ बिटांची लायब्ररी, तिची हेडरं, तिच्यासाठी आणखी एक लायब्ररी. हे शोधताना ड्रायव्हरच्या फोल्डरात तळाशी एक बदलांची यादी हाती लागली, आणि तिच्यात एका ओळीत लिहिलं होतं: अल्सा चालत असेल तर कर्नलचं मॉड्यूल लागत नाही. अल्सा म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा. मेंदू काढलेला मॉडेम म्हणजे शेवटी फोनच्या तारेला जोडलेलं साउंड कार्डच, हे तिथल्या लोकांनी कधीच ओळखलं होतं, आणि इंटेल व एटीआयच्या काही चिपसंचांतल्या मॉडेमचे ड्रायव्हर कर्नलमध्ये केव्हापासून आयते पडून आहेत. माझा त्यातलाच. ही एवढी मोलाची ओळ रीडमीत नव्हती. तिथे 'एन्जॉय' होतं.

डीमन चालू केला, टर्मिनलमधून 'एटी' पाठवलं. उत्तर आलं: ओके. नंबर फिरवला तर म्हणाला, डायल टोन नाही. टोन होती, मी स्वतः रिसीव्हर कानाला लावून ऐकली. याला ती ओळखीची वाटेना. 'एटीएक्स३' दिलं, म्हणजे टोनची वाट न बघता फिरव. फिरवला. पलीकडून फॅक्सची ती किंचाळी ऐकू आली आणि कागद गेला.

संध्याकाळी मित्राचा फोन आला.

"गेला का रे फॅक्स?"

"गेला."

"बरं झालं. नाहीतर माझ्याकडे एक यूएसबीचा हार्डवेअर मॉडेम खणात पडलाय, तोच देणार होतो. खुपसला की चालतो."

"आणि ड्रायव्हर?"

"कर्नलमध्येच आहे. काही कंपाइल करावं लागत नाही."

"मग कसला मॉडेम तो," असं म्हणून मी फोन ठेवला. टायमरच्या फाइलीत अजून एक वॉर्निंग शिल्लक होती.