मताचा हक्क आयता मिळाला नाही

निवडणुका जवळ आल्या की घरच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: 'आपल्याकडे बायकांना मताचा हक्क आयताच मिळाला, इंग्लंडसारखे मोर्चे काढावे लागले नाहीत.' लंडनमध्ये राहून मला त्याचे दोन्ही अर्धे भाग खटकतात.

इथे तरी नुसत्या मोर्चानं कुठे काय मिळालं? 9 फेब्रुवारी 1907 ला सुमारे 3000 बायका हाइड पार्क कॉर्नरहून स्ट्रँडपर्यंत पावसाचिखलात चालल्या. झगे चिखलानं माखले. मोर्चाचं नावच 'मड मार्च' पडलं. पुढच्या वर्षी तयारी पक्की होती. काचचित्रं करणाऱ्या मेरी लाउंड्स आणि त्यांच्या मैत्रिणींनी बॅनर केले. मोठं कापड वाऱ्यानं शिडासारखं फुगतं आणि धरणारीला ओढत नेतं. म्हणून दोन काठ्या, वर आडवा दांडा आणि ताणून धरायला दोऱ्या. मजकूर मोजकाच, कारण फुटपाथवरच्या माणसाला रंग आधी दिसतो, अक्षरं नंतर. 21 जून 1908 ला बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या दुसऱ्या एका संघटनेनं तर 30 खास रेल्वेगाड्या सोडल्या. हाइड पार्कात सात दिशांनी सात मिरवणुका आल्या, 20 व्यासपीठांवरून भाषणं झाली. पोशाख पांढरा ठेवला होता. त्यावर जांभळा-हिरवा पट्टा लांबूनही उठून दिसतो. एवढं करूनही पंतप्रधान अॅस्क्विथ हलले नाहीत. मत मिळालं 1918 मध्ये, तेही तिशीवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला 1928 उजाडलं.

आता मुंबई. 1911 मध्ये काश्मीरला सुटीत मुंबईच्या हिराबाई टाटांना इंग्लंडमध्ये बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या सोफिया दुलीपसिंग भेटल्या. सोफियांच्या कपड्यावर 'बायकांना मत द्या' असा बिल्ला होता. हिराबाईंनी चौकशी केली, आणि कामाला लागल्या. 1919 मध्ये भारतात मत कुणाला द्यायचं हे पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या साउथबरो समितीनं भारतीय स्त्रियांना मत नाकारलं, तेव्हा त्या मुलगी मिठनला घेऊन थेट लंडनला आल्या आणि संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली. निर्णय प्रांतांवर सोपवला गेला. 1921 मध्ये मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलनं स्त्री म्हणून असलेली आडकाठी काढली. मालमत्तेची अट मात्र राहिली, त्यामुळे बहुतेक बायका बाहेरच राहिल्या.

अर्ज, शिष्टमंडळं, साक्षी, आगबोटीचा प्रवास. हे सगळं बॅनरइतकं फोटोत येत नाही, म्हणून ग्रुपवरच्या माणसाला ते आयतं वाटतं. पुढच्या वेळी ते वाक्य आलं, की उत्तरात मी हिराबाई आणि मिठन ही दोन नावं लिहिणार आहे.