नागपूरच्या प्रयोगशाळांना हात हवेत

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची उच्चशिक्षण संस्थांची, क्रमवारी जाहीर झाली की आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस दुसरा विषय नसतो. काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या यादीत तिशीच्या आसपास असलेली नागपूरची राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्था व्हीएनआयटी आता चाळिशीच्या आसपास दिसते. नागपूरकरांच्या तोंडी ती अजून जुन्या नावाने व्हीआरसीईच आहे, त्यामुळे तिचा क्रमांक घसरला की सगळ्यांनाच लागतं. मग कारणं मांडली जातात. पेपर कमी पडतात, पैसा कमी पडतो, हुशार माणसं बाहेर गेली. शेवटचं वाक्य आम्हा परदेशात राहणाऱ्यांकडे बघून असतं: तुम्ही परत या, म्हणजे संशोधन सुधारेल.

मी जर्मनीतल्या रूर खोऱ्यात राहते आणि माती व पाण्याच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. या वादात माझं मत वेगळं आहे आणि ते मी गटावर चार ओळींत सांगू शकले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझ्यासारखे दहा प्राध्यापक उद्या नागपुरात उतरले तरी फार फरक पडणार नाही. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं टिकून राहणारी, यंत्रं जाणणारी माणसं आधी हवीत. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझी पुतणी नागपूर भागातल्या एका कॉलेजात पीएचडी करते. विषय काळ्या मातीचा. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर बांधलेली घरं, रस्ते, कालव्यांची अस्तरं तडकतात. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख मिसळून हा फुगवटा कमी करता येतो हे जुनंच ज्ञान आहे. पण कोणत्या मातीत किती राख, आणि दहा पावसाळ्यांनंतर त्या मिश्रणाचं काय होतं, हे पुतणीला पाहायचं आहे. कॉलेजात त्यासाठी लागणारं एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी मातीतली खनिजं ओळखणारं, यंत्र आहे. दीड वर्ष त्यावर कापड टाकलेलं आहे. ‘काकू, मशीन चांगलं आहे गं, पण चालवणारे काका रिटायर झाले आणि एएमसी संपली,’ असं ती म्हणाली. एएमसी म्हणजे यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार. काकांची जागा भरली नाही. मधे एक कंत्राटी मुलगा आला, शिकला आणि जास्त पगारावर बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात गेला. त्याचं काही चुकलं नाही. आता पुतणी नमुने कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवते, नमुन्यामागे पैसे भरते आणि आकडे येण्याची वाट बघते. ते आकडे कसे निघाले हे तिला कधी दिसतच नाही, आणि संशोधन शिकण्यातला अर्धा भाग तोच असतो.

आमच्या प्रयोगशाळेत कुठलंही यंत्र बिघडलं तर पहिला फोन प्रोफेसरांना जात नाही. एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आहेत, त्यांना जातो. ते पदवीधर नाहीत. शाळा संपल्यावर बांधकाम साहित्य तपासण्याचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलं, आठवड्यातले काही दिवस वर्ग आणि बाकीचे दिवस प्रत्यक्ष काम, आणि मग इथेच राहिले. पीएचडीची मुलं चार-पाच वर्षांनी जातात, प्रोफेसरही बदलले, हे गृहस्थ तिथेच. कोणत्या वर्षीच्या कोणत्या नमुन्याचा आकडा संशयास्पद आहे, भट्टीचं तापमान कागदावरच्या आकड्यापेक्षा किती वर जातं, नव्या मुलाचा हात कुठे चुकतो, हे सगळं त्यांच्याकडे साठलेलं आहे. आमचे पेपर त्यांच्या खांद्यावर उभे असतात. लेखकांच्या यादीत त्यांचं नाव घालण्याचा आग्रह आता आम्ही धरतो.

जुन्या नोंदी आणि त्या ठेवणारी माणसं यांचा उपयोग काय, हे मला इथल्या एम्शर नदीने शिकवलं. शंभराहून अधिक वर्षं ही नदी उघडं गटार होती. खाली कोळशाच्या खाणी, त्यामुळे जमीन खचायची. जमिनीखाली सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या तर त्या फुटल्या असत्या. म्हणून सगळ्या शहरांची घाण नदीतूनच वाहू दिली. खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिरावली आणि १९९२ मध्ये काम सुरू झालं. ५१ किलोमीटर लांबीची मुख्य भूमिगत वाहिनी टाकली, पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला, आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी सोडणं थांबलं. तीस वर्षं! या काळात सरकारं बदलली, कोळसा संपला. पण नदीचं काम पाहणारी सहकारी संस्था १८९९ पासून तीच आहे, आणि जमीन किती खचली, पाणी किती चढलं याच्या नोंदी तिच्याकडे आहेत. त्या नसत्या तर ती वाहिनी किती खोल टाकायची हे कुणालाही सांगता आलं नसतं.

आता नाग नदी बघा. लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावातून शहरात शिरते आणि शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. तिथून वैनगंगा, पुढे गोसेखुर्दचा जलाशय. तिच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. माझ्या माहेरच्या ओळखीतली माणसं रात्री जिन्यावर बसून होती. नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका झाल्या, तलावाच्या सांडव्याजवळचा पुतळा पाणी अडवतो का यावर बराच वाद झाला. त्या वादात मला सतत एकच गोष्ट हवी होती: सांडव्यातून कोणत्या पावसाला किती पाणी जातं, पात्र दरवर्षी किती अरुंद झालं, याची वीस वर्षांची, एकाच पद्धतीने घेतलेली, सगळ्यांना खुली असलेली नोंद. व्हीएनआयटी दक्षिण अंबाझरी मार्गावर आहे. तलाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे. अशी नोंद ठेवायला देशात यापेक्षा सोयीची जागा कुठल्या संस्थेला असेल असं मला वाटत नाही.

आणि नागपुरात संस्थांची वानवा कधीच नव्हती. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी आपली संपत्ती विद्यापीठाला दिली, त्यातून १९४२ मध्ये एलआयटी ही तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये पर्यावरण संशोधनाची नीरी, १९६० मध्ये व्हीआरसीई, १९७६ मध्ये कापसाची आणि मातीच्या सर्वेक्षणाची केंद्रीय संस्था, वाडीला ॲल्युमिनियमचं संशोधन केंद्र, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञानाची ट्रिपलआयटी. २०२३ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशनही इथेच भरलं. माती, पाणी, राख, धातू, संगणक, सगळ्यांची माणसं एका शहरात आहेत.

पैशाची तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. भारत संशोधनावर देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, जर्मनी तीन टक्क्यांहून जास्त. संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी २०२३ ते २०२८ या काळात ५० हजार कोटी सांगितले आहेत, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. काही गोष्टी सुधारल्याही. पीएचडीच्या मुलांना मिळणाऱ्या जेआरएफ या फेलोशिपची महिन्याची रक्कम २०२३ पासून ३७ हजार झाली. २०२४ मध्ये संशोधन अनुदानावरचा जीएसटी गेला. २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीला सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलच्या सक्तीतून सूट मिळाली. पण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उपकरण असतं, फेलोशिप असते, प्रवास असतो. पंचवीस वर्षं राहणारा तंत्रज्ञ त्यात बसतच नाही. क्रमवारीतही तो दिसत नाही. संशोधनाच्या गुणांत पेपर, त्यांचे संदर्भ, पेटंट आणि प्रकल्पांचा पैसा मोजला जातो, यंत्र वर्षातून किती तास चालू होतं हे नाही. मग कुठला संचालक त्यासाठी भांडेल?

संगणकाबद्दल थोडंसं. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४ पासून शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढल्यावर कॉलेजांनी संगणकाच्या जागा वाढवल्या आणि सिव्हिलचे वर्ग ओस पडू लागले. प्रत्येक विभागाला आता एआयचा प्रकल्प हवा आहे. हवा असू दे, पुराचा अंदाज बांधणारं चांगलं मॉडेल नागपूरला लागणारच आहे. पण मॉडेलला खायला घालायला नाग नदीच्या पुलावर कुणीतरी पाणी मोजलेलं असावं लागतं, आणि मोजमापाचा तो सेन्सर दर पावसाळ्यानंतर कुणीतरी चिखलातून काढून धुतलेला असावा लागतो.

इथे सगळं छान आहे असं मी सांगणार नाही. जर्मनीत पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं, एवढीच मुदतीची नोकरी विद्यापीठ सहसा देऊ शकतं. मग कायमची जागा मिळवा नाहीतर बाहेर पडा. माझ्या ओळखीची किती उत्तम माणसं चाळिशीत संशोधन सोडून गेली. २०२१ मध्ये इथल्या तरुण संशोधकांनी यावर मोठा आवाज उठवला, फरक अजून थोडाच पडला आहे. नागपूरच्या प्राध्यापकाला एकदा कायम झाल्यावर जी शांतता मिळते, तिचा इथल्या तरुणांना हेवा वाटेल. म्हणजे आपल्याकडे प्राध्यापक टिकतो आणि प्रयोगशाळा विरत जाते; इथे प्रयोगशाळा टिकते आणि तरुण संशोधक भरडला जातो. दोघांनी एकमेकांकडून घेण्यासारखं आहे.

माझी सूचना साधी आहे. श्रद्धानंदपेठेतलं सरकारी आयटीआय व्हीएनआयटीपासून फार लांब नाही. तिथल्या फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेल्या मुलामुलींना दोन वर्षं प्रयोगशाळेत तयार करा: नमुना कसा घ्यायचा, यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतं का याची पडताळणी, कसं करायचं, नोंदवही कशी लिहायची. नंतर कायम जागा द्या, ठेकेदारामार्फत नको. शहरातल्या चार-पाच संस्थांनी मिळून ही माणसं ठेवली तर एकाच संस्थेवर भार येणार नाही, आणि पुतणीचा नमुना वाडीच्या किंवा नीरीच्या यंत्रावर संध्याकाळपर्यंत तपासून होईल.

आम्हा परदेशातल्यांकडे माजी विद्यार्थी म्हणून देणग्या मागितल्या जातात. बहुतेक वेळा सभागृह, प्रवेशद्वार किंवा नवं यंत्र यासाठी. मी माझ्या बॅचपुढे दुसरा प्रस्ताव ठेवला आहे. यंत्र घेऊ नका. दोन तंत्रज्ञांचा दहा वर्षांचा पगार आणि एका यंत्राची दहा वर्षांची एएमसी भरा, आणि दर वर्षी त्या यंत्राच्या चालू तासांचा तक्ता मागा. आतापर्यंत सहा जणांनी होकार दिला आहे. दोघांनी विचारलं, आपल्या बॅचच्या नावाची पाटी कुठे लागेल? तंत्रज्ञाच्या टेबलाशेजारी लावू, असं मी त्यांना कळवलं आहे, आणि त्यांच्या उत्तराची वाट बघते आहे.