सकाळी नऊ वाजता जग सुरू झालं म्हणे!

हा मजकूर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं एकच: 'बायबलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की देवाने हे जग इ.स.पू. ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरला सकाळी ९ वाजता निर्माण केलं. जगातले सगळे ख्रिस्ती आणि ज्यू हेच मानतात. हा हिशेब एका अडाणी पाद्र्याने केला. बायबलमधल्या बाकीच्या तारखाही अशाच हवेतल्या, बाहेरचा पुरावा एकालाही नाही. खरं काय ते एवढंच, की येशू जन्मला त्या वर्षापासून इसवी सन सुरू झाला.'

पाच विधानं आणि पाचही चुकीची. शिवाय पहिलं म्हणतं बायबलमध्ये लिहिलंय आणि तिसरं म्हणतं पाद्र्याने काढलंय. दोन्ही कसं होईल, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

मी बायबलचं वकीलपत्र घेतलेलं नाही. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास आहे, याबद्दल मला शंका नाही. पण एखाद्या ग्रंथाची चेष्टाच करायची तर निदान त्यात जे आहे त्याची करावी.

'बायबलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे'

उत्पत्तीच्या पुस्तकात सन नाही, ऑक्टोबर नाही, घड्याळ तर नाहीच. आहेत त्या वंशावळी. पाचव्या अध्यायात आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ १०५ वर्षांचा असताना अनोश झाला, अनोश ९० वर्षांचा असताना केनान झाला, अशी यादी चालते. बेरीज करत गेलं की आदामापासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं भरतात. पण ही नुसती अंतरं झाली. ती आजपासून किती मागे, हे सांगायला साखळीचं एक टोक बाहेरच्या पक्क्या तारखेला जोडावं लागतं.

ते जोडकाम अनेकांनी केलं. त्यातले गाजले ते आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर. इ.स.पू. ४००४ हा आकडा मांडणारा त्यांचा लॅटिन ग्रंथ १६५० साली निघाला. १७०१ च्या सुमारास त्यांच्या तारखा इंग्रजी बायबलच्या समासात छापल्या जाऊ लागल्या, आणि १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ-बायबलमुळे त्या अमेरिकेत घरोघरी पोचल्या. पानावर वचनाशेजारीच तारीख दिसते म्हटल्यावर लोकांनी समासालाही शास्त्र मानलं. घोटाळ्याचं मूळ ते.

सकाळच्या नऊची गोष्ट तर अशरचीही नव्हे. त्यांनी २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी, रात्र सुरू होताना, काळाचा आरंभ धरला. ज्यू परंपरेत दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. नऊ वाजले ते जॉन लाइटफूट या केंब्रिजच्या विद्वानाच्या १६४२ च्या लिखाणात, आणि तेही माणसाच्या निर्मितीबद्दल. १८९६ मध्ये अँड्र्यू डिक्सन व्हाइट या कॉर्नेल विद्यापीठाच्या सहसंस्थापकाने दोघांची खिचडी करून एकाच्या नावावर मांडली. तीच अजून वाढली जाते आहे.

'सगळे ख्रिस्ती आणि ज्यू हेच मानतात'

आधी मूळ पाठच एक नाही. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, शेथ झाला तेव्हा आदाम २३० वर्षांचा आहे, १३० चा नव्हे. पुढच्या बऱ्याच नावांनाही अशीच शंभर-शंभर वर्षं जास्त. त्यामुळे प्रलयापर्यंतचा आकडा १६५६ वरून २२४२ वर जातो. शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या पाठात तोच १३०७ भरतो. सेप्टुअजिंटच्या काही हस्तलिखितांत तर आदामाच्या वंशातला मथुशलह जलप्रलयानंतर चौदा वर्षं जिवंत राहतो, आणि नोहाच्या तारवात वाचलेल्यांत त्याचं नाव नाही! या अडचणीवर संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात चर्चा केलेली आहे. म्हणजे जी विसंगती आज कोणी नव्याने सापडली म्हणून मिरवतो, ती चर्चच्या आचार्यांना सोळाशे वर्षांपूर्वी ठाऊक होती.

पाठ वेगळे, म्हणून आरंभही वेगळे. बायझंटाइन चर्चने जगाचा आरंभ इ.स.पू. ५५०९ धरला. रशियात हीच मोजणी राजेरोस सरकारी होती. पीटर द ग्रेटने ती मोडली तेव्हा ३१ डिसेंबर ७२०८ नंतरचा दिवस १ जानेवारी १७०० असा उजाडला. रोमन कॅथलिक चर्चमध्ये नाताळच्या घोषणेत 'जगाच्या निर्मितीपासून ५१९९ व्या वर्षी' असं शतकानुशतकं वाचलं गेलं. आता नव्या पाठात आकडा काढून 'अगणित युगं लोटल्यावर' अशा अर्थाचे शब्द आहेत. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या भिक्षूने ३९५२ काढले, तर ७०८ साली त्याच्यावर पाखंडाचा आरोप झाला.

ज्यूंची मोजणी इ.स.पू. ३७६१ पासून चालते. तिचा आधार 'सेदेर ओलाम' हा ग्रंथ. परंपरेने तो दुसऱ्या शतकातल्या योसे बेन हलाफ्ता यांच्या नावावर आहे. त्या हिशेबाने सप्टेंबर २०२५ मध्ये ५७८६ वं वर्ष लागलं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल 'नव्याचा सण' करत आले तो याच वर्षाचा पहिला दिवस.

४००४ ला अक्षरशः धरून बसणारे, किंवा निदान 'सहा हजारांच्या आसपास' म्हणणारे लोक आजही आहेत, अमेरिकेत विशेष. पण ते म्हणजे सगळे नव्हेत.

'अडाणी पाद्री'

इथे मला अशरची बाजू घ्यावीच लागते. अशर हे त्यांच्या काळातल्या युरोपातल्या मोठ्या विद्वानांपैकी एक. बायबलमधल्या वंशावळींची साखळी शेवटी बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्याशी येऊन भिडते: २ राजे २५:२७ सांगतं की यहूदाचा राजा यहोयाखीन याच्या बंदिवासाच्या ३७ व्या वर्षी बाबेलात नवा राजा आला. नबुखद्नेस्सराच्या मृत्यूचं वर्ष त्यांनी टॉलेमी या प्राचीन खगोलविदाच्या राजावलीतून घेतलं, आणि ती राजावली बाबेलच्या ग्रहण-नोंदींशी बांधलेली होती. ते वर्ष इ.स.पू. ५६२. आजचे इतिहासकारही तेच देतात. म्हणजे अशरचं बाहेरचं टोक बरोबर होतं. चूक झाली ती आतल्या टोकाला, वंशावळींना अखंड इतिहास मानण्यात. ती त्या शतकाची समजूत होती; केप्लर आणि न्यूटन यांनीही जगाचं वय असंच काढलं आणि दोघेही ४००० च्या आसपासच पोचले.

आकडा जरा जास्तच नेटका आहे, हे मात्र खरं. यहूदियाचा हेरोद राजा, ज्याच्या काळात येशू जन्मला म्हणतात, इ.स.पू. ४ मध्ये मेला, म्हणून येशूचा जन्म त्याआधीचा, आणि त्यामागे बरोबर ४००० वर्षं. शलमोनाचं मंदिर बरोबर ३००० व्या वर्षी पुरं. गणित करणाऱ्याला उत्तर काय यावं हे थोडं आधीच वाटत असावं, असा संशय घ्यायला जागा आहे.

'बाहेरचा पुरावा एकालाही नाही'

या वाक्याचा मला खरा राग येतो, कारण बायबलच्या अभ्यासातला सगळ्यात सुंदर भाग ते पुसून टाकतं.

अश्शूर (असीरियन) साम्राज्यात वर्षाला आकडा नसे, एकेका अधिकाऱ्याचं नाव असे. या नावांच्या याद्या मातीच्या पाट्यांवर सापडल्या. त्यात गुझाना प्रांताचा अधिकारी बूर-सगाले याच्या वर्षापुढे नोंद आहे की सिमानू महिन्यात सूर्याला ग्रहण लागलं. खगोलाच्या गणिताने ते ग्रहण १५ जून, इ.स.पू. ७६३ चं ठरतं. एक वर्ष पक्कं झालं की यादीतलं मागचं-पुढचं प्रत्येक नाव आपोआप आपल्या वर्षावर बसतं.

आता बायबलकडे या. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ८५३ मध्ये, कर्कार इथे मोठी लढाई झाली. तुर्कस्तानात कुर्ख इथे १८६१ मध्ये मिळालेल्या शिळेवर शत्रुपक्षाच्या यादीत 'इस्राएलचा अहाब' आहे, २००० रथांसह. याच शल्मनेसराच्या अठराव्या वर्षी, ८४१ मध्ये, इस्राएलचा नंतरचा राजा येहू याने खंडणी दिल्याची नोंद आहे. निमरूदच्या काळ्या स्तंभावर येहूच्या नावाचा माणूस जमिनीला कपाळ टेकून वाकलेला दिसतो. दोन्ही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

म्हणजे अहाब जिवंत असतानापासून येहू गादीवर असेपर्यंत बारा वर्षं. बायबल काय म्हणतं? अहाबनंतर अहज्या दोन वर्षं, मग योराम बारा वर्षं, मग येहू. बेरीज चौदा. झालं, बायबल खोटं? थांबा. उत्तरेच्या राज्यात, म्हणजे इस्राएलात (दक्षिणेचं ते यहूदा), राजा ज्या वर्षी गादीवर येई ते अर्धमुर्धं वर्षही त्याचं पहिलं पूर्ण वर्ष धरत. पाच दिवसांचा गणपती चतुर्थीला बसतो आणि चार रात्रींनी जातो, तरी आपण पाचच म्हणतो, तसं. त्यामुळे राजा बदलला की ते वर्ष जाणाऱ्याच्या खात्यातही पडतं आणि येणाऱ्याच्याही. दोन राजवटी, दोन वर्षं जास्त. ती वजा केली की बाकी बारा. एडविन थील या अभ्यासकाने १९५१ मध्ये अशा मोजणीच्या रीती लावून राजांचे बरेचसे आकडे जुळवून दाखवले. त्याची यहूदाच्या राजांची सगळी जुळणी सर्वांना पटत नाही, पण ८५३ आणि ८४१ ही दोन टोकं आज बहुतेक सगळे धरतात.

पुढे पुरावा आणखी घट्ट होतो. बाबेलच्या एका इतिवृत्ताची पाटी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षी अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी 'यहूदाचं शहर' घेतल्याचं लिहिलं आहे: १६ मार्च, इ.स.पू. ५९७. बायबलमधल्या घटनेला थेट दिवस! मात्र ती पाटी ५९४ ला संपते, म्हणून यरुशलेमचा अखेरचा विध्वंस ५८७ चा की ५८६ चा यावर अजून वाद आहे. यिर्मयाच्या ५२ व्या अध्यायातच एकदा राजाचं एकोणिसावं वर्ष आहे आणि एकदा अठरावं.

आणि सिनगॉगच्याच, म्हणजे ज्यू परंपरेच्याच, तारखा घ्यायच्या असत्या तर अभ्यासकांना हा विध्वंस सुमारे ४२२ ला न्यावा लागला असता. 'सेदेर ओलाम'ने इराणी राजवट पन्नासएक वर्षांत गुंडाळली आहे. प्रत्यक्षात इराणी राजा कोरेशने बाबेल घेतलं ५३९ ला आणि सिकंदर आला ३३१ ला. सुमारे १६५ वर्षांचा हा फरक सोळाव्या शतकात अझारिया दे रोस्सी या इटलीतल्या ज्यू विद्वानानेही मांडला होता, आणि त्याच्या पुस्तकावर रब्बींनी निर्बंध घातले.

जसजसं मागे जावं तसतशी जमीन भुसभुशीत होते, हेही सांगायला हवं. इस्राएली लोकांनी मिसर (इजिप्त) सोडल्याची घटना घ्या. १ राजे ६:१ म्हणतं, मंदिराचं काम सुरू झालं ते त्यानंतर ४८० व्या वर्षी. यावरून इ.स.पू. १४४६ येतं. ग्रीक पाठ तिथे ४४० म्हणतो. निर्गमाच्या पुस्तकात गुलामांनी बांधलेल्या रामसेस नगराचं नाव आहे, त्यावरून काहीजण इ.स.पू. तेराव्या शतकात उतरतात. मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या सुमारे इ.स.पू. १२०८ च्या शिलालेखात इस्राएल हे नाव कनानात (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भागात) आढळतं, म्हणजे तोवर त्या नावाचे लोक तिथे होते. लाखो लोक एकदम निघाले असं मानायला मात्र बहुतेक पुराणवस्तुशास्त्रज्ञ तयार नाहीत. अब्राहामाचं तर कुठलंच वर्ष टिकत नाही.

'येशू जन्मला तेव्हापासून इसवी सन'

डायोनिसियस एक्झिग्युअस हा भिक्षू ५२५ साली ईस्टरचे तक्ते करत होता. जुने तक्ते रोमन सम्राट डायोक्लीशनच्या नावाच्या शकाने चालत, आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याचं नाव त्याला नको होतं, म्हणून त्याने प्रभूच्या अवतारापासून मोजायला घेतलं. आकडा चुकला. मत्तय आणि लूक हे दोन्ही शुभवर्तमानकार जन्म हेरोदाच्या काळात सांगतात, आणि हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये मेला. शिवाय लूक ज्या नावनोंदणीचा उल्लेख करतो ती रोमन सुभेदार क्विरिनियसची नोंदणी इ.स. ६ ची. दोन्ही एकत्र बसवायचे प्रयत्न बरेच झाले. मला एकही पटलेला नाही. इथिओपियाचं चर्च वेगळ्या गणिताने चालतं, म्हणून तिथे सप्टेंबर २०२५ मध्ये २०१८ साल लागलं.

जन्मापेक्षा मृत्यूचं वर्ष बरंच जवळ आणता येतं. येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात यहूदियावर इ.स. २६ ते ३६ या काळात होता. वल्हांडण या ज्यू सणाच्या तोंडावर शुक्रवार हवा, आणि चंद्राच्या गणितात नीट बसणारे दिवस मुख्यतः दोनच: ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. लूक म्हणतो की बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने रोमन सम्राट तिबेरियसच्या पंधराव्या वर्षी काम सुरू केलं, म्हणजे २८-२९ च्या सुमारास. योहानाच्या शुभवर्तमानात त्यानंतर निदान तीन वल्हांडण येतात. तेवढा काळ धरायचा तर ३३ ला जास्त वाव मिळतो, तरी बऱ्याच अभ्यासकांचा कल ३० कडे आहे.