72 तास उपास केला की कॅन्सर गायब? मामाजी, थांबा जरा

सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाजींनी पुन्हा तेच फॉरवर्ड टाकलं. 72 तास फक्त लिंबूपाणी प्या, शरीर खराब पेशी ओळखून स्वतःच खाऊन टाकते, कॅन्सर गायब, यावर जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालंय, साइड इफेक्ट शून्य. खाली हात जोडल्याची लाईन लागली. अख्ख्या नागपूरभर फिरून आलंय हे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

नोबेल मिळालं, खरंय. 2016 मध्ये, योशिनोरी ओसुमींना. पण त्यांचं मुख्य काम यीस्टवरचं, आणि उपाशी यीस्टमध्ये त्यांना जे दिसलं ते ऑटोफॅजी, म्हणजे पेशी स्वतःच्या आतला मोडका माल तोडून पुन्हा वापरते, घरातलं भंगार विकून महिना काढावा तसं. यात पेशी मरत नाही हो, उलट तगते! कॅन्सरच्या गाठीतल्या पेशीही उपासमारीत हीच युक्ती वापरून टिकतात, मग मेलं कोण?

"खराब पेशी शरीर ओळखते" हे मात्र अर्धं बरोबर. पेशी ठरवून मरते त्याला अपॉप्टोसिस म्हणतात, नाव 1972 चं. लहानपणी अंबाझरीकडच्या डबक्यातून बेडकाची पिल्लं बरणीत आणायचो, पाय फुटले की शेपटी रोज थोडी आखूड, आणि बरणीच्या तळाशी पाहावं तर तुकडाही नाही, कारण थायरॉइड हार्मोनचा इशारा मिळाला की शेपटीतल्या पेशी मरतात आणि तो माल शरीरच वापरून घेते. आईच्या पोटात आपली बोटं पण अशीच सुटी झाली, मधल्या पेशी मेल्या म्हणून. पेशी दुभंगून दोन होतात त्या विभाजनावरही असाच पहारा आहे, डीएनए तुटला की पी-53 नावाचं प्रोटीन गाडी थांबवते, दुरुस्ती जमली तर ठीक, नाहीतर मरायची ऑर्डर. आणि साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हे पी-53 च बिघडलेलं असते! ऑर्डर देणाराच कामातून गेला, तर तुम्ही 72 तास उपाशी राहून पी-53 बनवणारा तो बिघडलेला जीन दुरुस्त होणार काहून?

फॉरवर्डमध्ये आणखी एक, लिंबूपाण्यानं रक्त अल्कलाईन, म्हणजे आम्लाच्या उलट, होते म्हणे. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7.35 ते 7.45 मध्येच राहतो, ते काम किडनी आणि फुप्फुसं करतात, लिंबू नाही. पुढे चला.

साइड इफेक्ट शून्य, इथं माझं डोकं सरकलं. त्याच ग्रुपवर मावशी आहे, तिसरी केमो झाली तिची, वजन उतरू नये म्हणून डाएटिशियननं डाळ-अंडी लिहून दिलीय. दुपारी तिचा फोन, "मंग मी बी करू का रे तीन दिवस?"

नको म्हणलं मावशी. तोंड आलंय तर तर्री सोड, साधे पोहे खा.