शेवट स्वतःपाशी ठेवा

आज शुक्रवार. सकाळी प्रदर्शित झालेल्या एका मराठी रहस्यपटातला खुनी कोण, हे मला दुपारी दोनच्या आत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कळले. टाकी धुण्याची सूचना आणि जिन्यात सापडलेल्या किल्ल्यांचा फोटो यांच्या मधोमध एका शेजाऱ्यांनी आपले परीक्षण टाकले होते. पहिला भाग बरा, दुसरा ताणलेला, खुनी अमुकच आहे, आपल्याला मध्यंतरातच अंदाज आला होता, एकदा बघायला हरकत नाही, अडीच तारे. मी लिहिले, “काका, शेवट कशाला सांगितलात? आम्ही रविवारची तिकिटे काढली आहेत.” त्यावर उत्तर आले, “अगं, सिनेमाच आहे, बारावीचा पेपर थोडाच फुटलाय!” आणि त्या उत्तराखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. चित्रपटाचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की कोणाला तरी उरलेलेही सांगून टाकण्याचा मोह होईल.

‘सिनेमाच आहे’ हे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाही. लेखकाने कोणती गोष्ट कोणत्या प्रसंगापर्यंत झाकून ठेवायची याचा महिनोन्‌महिने विचार केलेला असतो, संकलकाने एखादा दृष्टिक्षेप दोन सेकंद आधी दाखवायचा की नंतर यावर डोकेफोड केलेली असते, आणि ते सगळे एका माणसाने वाहनतळातून गाडी बाहेर काढता काढता अंगठ्याने पुसून टाकायचे, वर ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणायचे. बघायला उरले काय?

मला यात माझे वडील दिसतात, म्हणून राग जास्त येतो आहे. आई गेल्यानंतर अण्णांनी चित्रपटगृहाचे तोंड पाहिले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये ‘वाळवी’ लागला तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढून नेले. १३ जानेवारीला प्रदर्शित झालेला हा चित्रपट परेश मोकाशी यांनी दिग्दर्शित केला आहे, लेखन त्यांचे आणि मधुगंधा कुलकर्णी यांचे, आणि पडद्यावर स्वप्नील जोशी, अनिता दाते, सुबोध भावे, शिवानी सुर्वे. थरार आणि विनोद एकाच ताटात वाढलेला असा चित्रपट आपल्याकडे क्वचित होतो. आम्हा दोघांनाही त्याबद्दल काहीही ठाऊक नव्हते. पहिली दहा मिनिटे अण्णा चष्मा पुसत बसले होते. नंतर त्यांनी खुर्चीचा हात जो घट्ट धरला तो मध्यंतर झाले तरी सोडला नाही. कुठे तरी मध्येच ते इतक्या मोठ्याने हसले की पुढच्या रांगेतल्या मुलीने वळून पाहिले, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला, कारण ज्यावर आपण हसलो ते किती भयंकर आहे हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले. दिग्दर्शकाला जे हवे होते ते त्या एका क्षणात माझ्या शेजारच्या खुर्चीवर घडले. ते कोणत्या प्रसंगाला घडले हे मी आजही सांगणार नाही.

बाहेर पडल्यावर अण्णांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, “अक्काला आणायचं. आणि तिला काही बोलू नकोस.” आमची आत्या सिन्नरला असते. तिने फोनवर तीनतीनदा विचारले की आहे काय त्या सिनेमात, तर अण्णांचे उत्तर एकच, “अक्का, तू फक्त ये.” ती एसटीने आली. त्या खेळाला अण्णा पडद्याकडे कमी आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे अधिक पाहत होते.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. चित्रपट पाहून आल्यावर चार ओळी लिहायला कोणाचीही बंदी नाही, उलट लिहावेच. वर्तमानपत्रांतून चित्रपटाला मिळणारी जागा आटत गेली आहे आणि मराठी चित्रपट आपल्यासारख्यांच्या तोंडी प्रसिद्धीवरच जगतो. परंतु आपल्याला काय वाटले ते लिहावे, पडद्यावर काय घडले ते लिहू नये. थरारपट आणि विनोदी चित्रपट हे दोन्ही प्रकार प्रेक्षकाला कोणती गोष्ट केव्हा कळावी याच्या हिशेबावर उभे असतात. कौटुंबिक कथेचा सारांश सांगितला तरी तिच्यात पाहण्यासारखे पुष्कळ शिल्लक राहते. रहस्याचे आणि विनोदाचे तसे नसते.

आणि शेवट सांगणे म्हणजे केवळ खुन्याचे नाव सांगणे नव्हे. ‘शेवटी असा धक्का आहे की बस्स’ हेही सांगू नये. हे वाचून गेलेला प्रेक्षक चित्रपट पाहत नाही, तो पहिल्या दृश्यापासून धक्का शोधत बसतो, प्रत्येक साध्या माणसाकडे संशयाने बघतो आणि घरी येऊन लिहितो की आपल्याला आधीच अंदाज आला होता. येणारच! ‘ज्याच्यावर संशय येतो तो नाहीच’ हे वाक्य तर मला सर्वांत घातक वाटते, कारण लिहिणाऱ्याला वाटते की आपण काहीच उघड केले नाही, आणि तोवर निम्मे दरवाजे बंद होऊन गेलेले असतात.

विनोदी चित्रपटांचे हाल आणखी वाईट आहेत. त्यांचे हशे आधी ट्रेलरमध्येच अर्धे संपवले जातात, ती चूक निर्मात्यांची. उरलेले अर्धे आपले मित्र परीक्षणात लिहून टाकतात. विनोद वाक्यात नसतो, वाक्याआधीच्या थांबण्यात असतो, नटाने कोणाकडे पाहत ते टाकले यात असतो. ते वाक्य नुसते टाइप करून त्यापुढे हसणारे चेहरे लावले की वाचणाऱ्याला हसू तर येत नाहीच, आणि चित्रपटगृहात ते वाक्य आले की त्याला आठवते ते आपले व्हॉट्सॲप. त्याहून पुढची मजल म्हणजे पडद्याचे चित्रीकरण करून ते स्टेटसला लावणे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहात असे चित्रीकरण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? ‘वाळवी’च्या त्या खेळाला आमच्या मागच्या रांगेत एकाने फोन वर धरला होता. अण्णांनी वळून अगदी शांतपणे सांगितले, “बंद करा तो उजेड.” त्याने बंद केला.

हेही मान्य करते की चौघांचे कुटुंब चित्रपटाला जायचे म्हणजे तिकिटे, गाडी लावणे आणि खाणे धरून हजार रुपये पुरत नाहीत, तेव्हा माणूस आधी चौकशी करणारच. पण चौकशी करणाऱ्याला ‘जाऊ की नको’ हे हवे असते, कथानक नको असते.

दुसरा मुद्दा माझी मैत्रीण नेहमी मांडते की चांगला चित्रपट शेवट ठाऊक असूनही बघवतो. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालचा, त्यातले संवाद पोरासोरांना पाठ आहेत आणि तरी दूरदर्शन संचावर लागला की घर गोळा होते. ठीक आहे, हे खरे आहे. परंतु पहिल्यांदा ते संवाद ज्यांनी ऐकले त्यांनी ते कथेच्या ओघात ऐकले, कोणाच्या परीक्षणात वाचले नाहीत. अण्णांनीही ‘वाळवी’ दुसऱ्यांदा तितक्याच आवडीने पाहिला, कारण त्यांना पहिली वेळ मिळाली होती. माझ्या शेजाऱ्यांनी आज गटावरच्या सगळ्यांची पहिली वेळ काढून घेतली आहे आणि ती परत देता येत नाही.

पूर्वी हे भान व्यवसायालाही होते. चित्रपटगृहाच्या दारात गाण्यांची पुस्तिका मिळायची, तिच्यात कथासार असायचे, आणि ऐन रंगात आल्यावर ते थांबून ‘पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा’ अशी ओळ यायची. अण्णा सांगतात की १९६४ मध्ये राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आत्याने मैत्रिणींबरोबर त्यांच्या आधी पाहिला होता आणि ते अक्षरशः तिच्या मागे लागले होते, तरी तिने एक अवाक्षर काढले नाही. दोन वर्षांनी त्याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ आला, तेव्हाही ती वाड्यातल्या बायकांमध्ये गप्प बसून राहिली. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे रहस्यनाट्य १९५२ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याच्या खेळानंतर रहस्य फोडू नका अशी विनंती प्रेक्षकांना रंगमंचावरून करण्याची प्रथा आहे. तिथल्या अनोळखी माणसांना जमते, मग आपल्याला आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, भावाबहिणींसाठी का जमू नये?

मी न्यायालयाचा बडगा मागत नाही. केरळमध्ये चित्रपट-परीक्षणांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि तिथल्या न्यायमित्रांनी, म्हणजे न्यायालयाला मदत करण्यासाठी नेमलेल्या वकिलांनी, २०२४ मध्ये सुचवले की प्रदर्शनानंतर पहिले ४८ तास समाजमाध्यमांवरच्या समीक्षकांनी परीक्षण करू नये. तो उपाय मला पटत नाही. वाईट चित्रपटाला पहिल्याच दिवशी वाईट म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला असलाच पाहिजे. पण ४८ तासांची चर्चा का निघाली हेही समजून घ्यावे. मराठी चित्रपटाला आधीच सकाळचे किंवा भलत्या वेळचे खेळ मिळतात आणि शुक्रवार ते रविवारचा गल्ला पाहून पुढचे खेळ ठरतात. ‘वाळवी’नंतर बाराच दिवसांनी, २५ जानेवारीला, ‘पठाण’ आला होता. एवढ्याशा मुदतीत प्रेक्षक गोळा करायचे, आणि त्यात शुक्रवारी दुपारीच कोणी तरी ‘ओटीटीवर आला की बघा’ म्हणून शिक्का मारून मोकळे व्हायचे. आजच्या त्या परीक्षणाखाली एका ताईंनी लिहिले आहे, “बरं झालं सांगितलंत, पैसे वाचले.” त्यांचे पैसे वाचले नाहीत, त्यांची एक चांगली संध्याकाळ गेली, आणि हे त्यांना कधी कळणारही नाही. इथे मला खरोखर संताप येतो.

आता हे लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे. ते काका वाईट नाहीत. गेल्या पावसाळ्यात इमारतीची मोटर जळाली तेव्हा रात्री अकरा वाजता मेकॅनिक शोधून आणणारे तेच होते. चित्रपट पाहून आल्याआल्या कोणाला तरी सांगावेसे वाटणे ही तर प्रेमाचीच खूण आहे, आणि पहिल्या दिवशी पहिला खेळ पैसे खर्चून मराठी चित्रपटाला देणारा माणूस मला परका वाटत नाही. पण मग हीच ओढ त्यांनी वेगळ्या रीतीने का वापरू नये? कोल्हापूरच्या माझ्या एका मैत्रिणीने मागे एका विनोदी चित्रपटाबद्दल लिहिले होते की सासूबाई कमरेच्या दुखण्यामुळे मध्यंतरात निघू म्हणत होत्या आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या, दुसऱ्या भागात गाणी जास्त आहेत, लहान मुलांना नेऊ नका, आणि मागच्या रांगांना आवाज नीट येत नव्हता. एवढ्यावर मी तिकिटे काढली. कथेतले एकही पात्र तिने सांगितले नव्हते आणि मला हवे ते सगळे कळले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘वाळवी’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्र हातात घेऊनच आत्याला फोन लावला. दोघांना त्या शेवटाबद्दल बोलायचे होते. माझा मुलगा तिथेच अभ्यास करत बसला होता आणि त्याने चित्रपट पाहिलेला नव्हता. अण्णा फोन घेऊन उठले, गॅलरीत गेले आणि दार ओढून घेऊन बोलत राहिले. चित्रपट येऊन दीड वर्ष उलटून गेले होते.

तर मित्रांनो, आजचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी इथे खाली जरूर लिहावे. चित्रपटगृहात लोक हसले का, कामे कोणाची आवडली, वडीलधाऱ्यांना घेऊन जाता येईल का, आवाज आणि अंधार ठीक होता का, कंटाळा आला असेल तर तेही स्पष्ट लिहावे. मात्र कथेचा शेवट, किंवा शेवटाकडे बोट दाखवणारे काहीही, कोणी लिहिले तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकणार आहे, मग लिहिणारा कितीही जवळचा असो.