फुलांचा वास आणि बायांचा रोज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, तेव्हा नुसताच नमस्कार.

नागपुरातल्या मनीषनगरचा फ्लॅट सोडून काटोल तालुक्यात राहायला आलो, त्यावरचा माझा मागचा लेख तुम्हाला झोंबला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेखभर संत्र्याच्या फुलांचा वास आहे, हिशेब कुठेच नाही. परतीची वाट ज्यांना आहे त्यांनाच खेडं गोड लागतं. मुलगी कुठे शिकते ते मी सोयीने गाळलं. तुमचे आजोबा नरखेडकडचं गाव सोडून नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, कापडगिरणीत, लागले ते पुन्हा तोंड न दाखवण्यासाठी, आणि तेच गाव मी आता नातवाला अत्तर लावून दाखवते आहे. शेवटी एक प्रश्न : बागेत कामाला येणाऱ्या बायांना रोज किती देता?

पहिल्यांदा वाचून राग आला. दोन दिवस उत्तर लिहून लिहून खोडलं. तिसऱ्या दिवशी माझाच लेख पुन्हा वाचला, आणि तो खरंच सहलीला आलेल्या बाईने लिहिल्यासारखा वाटला.

हिशेब आधी देते. रामदासपेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी अठरा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आणि स्वतःचा तेवढा विसरले. साडेतीन एकरांत संत्र्याची ३८० झाडं आहेत, दीड एकरात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. बाग सासऱ्यांनी लावलेली. घरात सातबारा होता म्हणून येता तरी आलं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, ही गोष्ट 'चला खेड्याकडे' म्हणणारे सांगत नाहीत. मीही सांगितली नव्हती. मागच्या आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या पिकाचे, २ लाख ७० हजार आले. शेणखत, फवारण्या, बोर्डो पेस्ट, मजुरी आणि दोनदा जळालेली मोटार यांत १ लाख ६० हजार गेले. राहिले १ लाख १० हजार, अख्ख्या वर्षाचे. त्याच वर्षी नागपुरातल्या सहा दुकानांचे जीएसटी रिटर्न भरून मी १ लाख ६८ हजार मिळवले. म्हणजे आमचं घर बागेवर चालतच नाही, ते इतवारीतल्या दुकानांवर चालतं. दर महिन्याच्या २० तारखेच्या, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या दिवसाच्या, आदल्या रात्री मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर रेंज शोधत फिरत असते. खाली सासूबाई शेजारणीला सांगतात, "सून तारे मोजून राहिली."

पहिल्या वर्षी तर बाग उक्ती दिली होती, म्हणजे झाडावरचं सगळं फळ एकरकमी विकलं होतं. व्यापाऱ्याने झाडावरचं फळ पाहून सौदा केला, इसार दिला. तोड्याच्या वेळी भाव पडले तसा मोठा माल तोडून नेला, चुरी, म्हणजे बारीक फळ, झाडावरच सोडली आणि फोन उचलणं बंद केलं. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. तिकडे आयात शुल्क चढत गेलं की त्याचा चटका असा आमच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, येतो. उरलेली चुरी नवऱ्याने स्वतः नागपूरच्या कळमना बाजारात नेली. गाडीभाडं सुटलं, तेवढ्यावर आम्ही खूश झालो.

आणि तो वास. तो आपोआप येत नाही, त्यासाठी झाडाला उपाशी ठेवावं लागतं. आंबियासाठी डिसेंबरात पाणी तोडतात, पानं मलूल होईपर्यंत ताण देतात, मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड घाबरल्यासारखं फुलतं. ताण चालू असताना अवकाळी पाऊस पडला तर ताण तुटतो, फुलांच्या जागी नुसती नवती, कोवळी पानं, फुटते, आणि वर्ष गेलं. एकदा तसं गेलंही. पाणी सोडायचं तेही वीज येईल तेव्हा. कृषिपंपांना एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन वावरात जायचं, आणि रानडुकरांनी ठिबकच्या नळ्या उकरल्या असतील तर तिथेच उकिडवं बसून जोडायच्या. सासऱ्यांनी ४२० झाडं लावली होती. चाळीस डिंक्या रोगाने नेली. हे सगळं लेखात हवं होतं. त्याऐवजी मी 'पहाटे दरवळणारी बाग' लिहिलं. तो शब्द मला आता वाचवत नाही.

मुलगी. हो, ती नागपुरात आहे, त्रिमूर्तीनगरला माझ्या बहिणीकडे. आलो तेव्हा दहा वर्षांची होती. दहावीपर्यंत काटोलला जाऊन-येऊन शिकली, मग सायन्स घेतलं, क्लास नागपुरात, म्हणून तिकडे. हे गाळलं ते सोयीनेच गाळलं, तुमचा शब्द बरोबर आहे. तिला कोणत्या मैत्रिणीशी अबोला आहे, ती कोणत्या पेपरला रडली, हे मला आता बहिणीकडून कळतं. रविवारी येते, जेवते, झोपते, सोमवारी पहाटेच्या एसटीने जाते. माझ्या गावाकडे येण्याची किंमत तिने भरली, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. मी विचारलं नव्हतं. याच्यापुढे या विषयावर माझ्याजवळ बोलायला काही नाही.

एका जागी मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. परतीची वाट असली की गावातलं राहणं खोटं, असं तुमचं म्हणणं. या गावात नागपूरशी दोरी न बांधलेलं घर मला दाखवा. एकाचा मुलगा बुटीबोरीच्या एमआयडीसीत, एकाची सून पुण्याला, एकाचा भाऊ रेल्वेत. दर महिन्याला तिकडून पैसे येतात तेव्हा इकडे खत पडतं, आणि इकडून तिकडे तूरडाळ जाते. आमचंही तसंच आहे, फक्त आमच्या घरी दोरीचं दुसरं टोक मीच धरून बसले आहे. निव्वळ शेतीवर जगणारं, शहराचा वारा न लागलेलं खेडं तुमच्या प्रतिक्रियेत आहे आणि माझ्या लेखात होतं. काटोल तालुक्यात ते मला अजून सापडलेलं नाही.

मग इथे मिळालं काय? शांतता नाही मिळाली. फवारणीचे पंप, लग्नातले डीजे आणि आपल्या घरातलं आपल्याआधी दुसऱ्यांना कळणं, यात शांतता कुठून येणार? मिळालं ते असं. आमच्या धुऱ्याला लागून एका विधवा बाईचं तीन एकर आहे. नवरा जाऊन चार वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव चढलं नव्हतं. त्यामुळे पीककर्ज नाही, विमा नाही. कागद मी गोळा केले, अर्ज लिहिला, सात महिने तिच्यासोबत खेटे घातले. फेरफार झाला त्या दिवशी ती नव्या सातबाऱ्याची प्रत दारात घेऊन आली आणि म्हणाली, "वाचून दाखव, कुठी हाय मी." मी तिच्या नावावर बोट ठेवलं. तिने तिचं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं. रामदासपेठेत मी यापेक्षा कितीतरी मोठ्या रकमांच्या फायली हाताळल्या, पण कोणी असं बोट ठेवलं नाही. आता दर हंगामात अकरा घरांची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, मी मोबाइलवर करून देते. त्याचा मोबदला वांगी, तुरीच्या शेंगा आणि सल्ले, यांपैकी सल्ले सगळ्यात जास्त.

आजोबांबद्दल लिहायचं होतं म्हणूनच उत्तराला इतके दिवस लागले. माझ्या लेखात एक शेजारी होता. नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा त्याने न सांगता तीन रात्री आमच्या बागेला पाणी दिलं. मी त्याला 'गावाची माया' म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, दलित वस्तीतल्या घरासाठी कोणी असं पाणी फिरवलं असतं का? मी नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं होतं. मी ते कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं. तुमच्या घरी ते परीक्षेसाठी वाचलं गेलं नसणार. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली आणि २००२ ला बंद पडली. नागपुरात वाढल्यामुळे मला ती फक्त बंद मिल म्हणून ठाऊक होती. गावातून सुटायचं दार म्हणून तिच्याकडे मी तुमच्यामुळे पहिल्यांदा पाहिलं. आमच्या बागेत निंदायला येणारी एक बाई मागच्या उन्हाळ्यात म्हणाली होती, "ताई, तुम्ही येऊन राहिल्या, आमी जायाचं पाहून राहिलो." तिची पोरगी नागपुरात नर्सिंग करते. मला ते वाक्य तेव्हा गमतीचं वाटलं होतं. लेखातून 'गावाची माया' काढून टाकते आहे, शेजाऱ्याची मदत राहू देते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बायांना ३०० रुपये रोज देतो, माणसांना ४५०. तोड्याच्या दिवसांत थोडं जास्त. फरक का, हे तुम्ही विचारणारच. आजूबाजूला सगळीकडे हाच दर आहे म्हणून. हे उत्तर झालं नाही, मला कळतं. कामाचे तास सारखेच आहेत, आणि संत्रं देठाला इजा न होता तोडायला बायाच जास्त नीट तोडतात. यंदा नोव्हेंबरच्या तोड्याला दोघांना सारखा रोज देऊ, असं मी तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "आजूबाजूचे कास्तकार उद्या आपल्या दारात येतील भांडायला." मी म्हटलं, येऊ दे. बोलणं सध्या तिथे अडलं आहे. तोड्याला अजून तीन महिने आहेत.